पंचवीस, खात्रीने

माझी गाडी लिटरला अठरा किलोमीटर जाते. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे निरनिराळे आकडे येतील आणि प्रत्येक आकड्यामागे कोणीतरी ठामपणे उभं असेल. जाहिरातीत सत्तावीस होते. सेल्समनने पंचवीस सांगितले. एका पंपावर एकदा साडेपंचवीसच्याही वर निघाले आणि त्या वेळी मी तिथे हजर होतो. तरीही गाडी अठराच जाते.

माझा धंदा बारदानाचा, म्हणजे रिकाम्या गोण्यांचा. द्वारका चौकापासून थोडं आत माझं गोदाम आहे. मालाचं वजन करताना लोक बारदानाचं वजन वजा करतात. ते जे वजा होतं, त्यावर माझं घर उभं आहे. सुरुवातीला मी सायकलवर फिरून किराणा दुकानांतून जुन्या गोण्या गोळा करायचो, फाटलेल्या असतील त्या दाभणाने शिवायचो आणि कांद्याच्या व्यापाऱ्यांना विकायचो. जुनी गोणी घेताना ती फाटकी आहे असं सांगायचं आणि तीच विकताना ती शिवलेली आहे असं सांगायचं, एवढंच शिक्षण लागतं. दोन्ही खरं असतं. आता जाळीच्या नव्या गोण्या विकतो, निफाडपासून मालेगावपर्यंत.

जुनी डिझेल गाडी म्हातारी झाली तेव्हा पेपरात पानभर जाहिरात आली. पेट्रोल आणि बॅटरी दोन्हींवर चालणारी गाडी, लिटरला सत्तावीस. सत्तावीसच्या डोक्यावर एक बारीक तारा होता आणि पानाच्या तळाशी त्याच ताऱ्यापुढे लिहिलं होतं, ‘चाचणीच्या परिस्थितीत’. हा तारा मी पाहिला होता. मला तारा दिसला नाही असं मी कुठेही म्हटलेलं नाही, ग्राहक आयोगातही नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की, सत्तावीस हाताच्या पंजाएवढे आणि परिस्थिती मुंगीएवढी, असं का? परिस्थितीही पंजाएवढी छापायची होती.

शोरूममध्ये मी तीन दिवस गेलो. मला ज्याने गाडी दाखवली तो सेल्समन पन्नाशी ओलांडलेला होता. त्या शोरूममध्ये बाकी सगळे तिशीच्या आतले, त्यामुळे तो एखाद्या लग्नात चुकून दुसऱ्याच कार्यालयात शिरलेल्या पाहुण्यासारखा दिसायचा. टाय मात्र नीट बांधलेला असायचा. काचेच्या आत तो रेडिओवरच्या माणसासारखं बोलायचा, ‘सर, या मॉडेलमध्ये आपल्याला प्रशस्त डिकी मिळते.’ बाहेर टपरीवर चहाला आला की म्हणायचा, ‘शेठ, लय ताणू नका, तुटंल.’ तो मूळचा सायखेड्याचा. वीस वर्षं त्याने ट्रॅक्टर विकले होते. ती एजन्सी बंद पडली म्हणून तो मोटारींकडे आला होता.

पहिल्या दिवशी मी किंमत कमी करायला सांगितली. तो म्हणाला, या गाडीला गिऱ्हाईक रांगेत आहे, एक रुपया सुटणार नाही. दुसऱ्या दिवशी मी पायपुसणी, मडफ्लॅप आणि सीट कव्हर मागितली. तो आत जाऊन विचारून आला आणि म्हणाला, पायपुसणी मिळतील. ती गाडीसोबत सगळ्यांनाच मिळतात हे मला माहीत होतं. तिसऱ्या दिवशी सकाळी शटर उघडत होतं तेव्हा मी बाहेर उभा होतो.

‘शेठ, आता काय राहिलं?’ तो म्हणाला.

‘पैसे सोडत नाही ना? मग शब्द द्या. किती ॲव्हरेज देईल?’

‘कंपनी सत्तावीस म्हणते.’

‘कंपनीला मी ओळखत नाही. तुम्ही किती म्हणता?’

त्याने थोडा विचार केला. ‘पंचवीसच्या खाली येणार नाय.’

‘लिहून द्या.’

तो हसला. मी हसलो नाही. दुपारपर्यंत मी तिथेच बसून राहिलो. चहा तीनदा आला. शेवटी त्याने कोटेशनचा कागद उलटा केला आणि पाठीमागे लिहिलं, ‘पंचवीस ॲव्हरेज, खात्रीने.’ खाली सही केली. मराठीतच लिहा असं मी बजावलं होतं, कारण इंग्रजी आकड्यांना तारे फुटतात असा माझा अनुभव ताजा होता. चिठ्ठी खिशात घातली आणि गाडी बुक केली. तीस वर्षांच्या धंद्यात मी पहिल्यांदाच छापील किमतीला काहीतरी घेतलं. मला वाटलं, सौदा माझ्याच बाजूने झाला.

पहिली टाकी संपली तेव्हा हिशेब एकोणीसचा आला. दुसरीला अठरा. शोरूममधून सांगण्यात आलं की पहिली सर्व्हिसिंग होऊ द्या. ती झाली. मग सांगण्यात आलं की इंजिन मोकळं होऊ द्या. इंजिन मोकळं होईपर्यंत मी दर आठवड्याला मालेगावला जाऊन आलो. ते अठरावरच मोकळं झालं. तिसऱ्या खेपेला त्यांनी एक इंजिनिअर माझ्या शेजारी बसवला. आडगाव नाक्यापर्यंत जाऊन आम्ही परत आलो. उतरल्यावर तो म्हणाला, ‘सर, गाडी ओके आहे. तुमचा पाय जड आहे.’

मी चप्पल काढून त्याला पाय दाखवला. त्याने तो पाहिला आणि वहीत काहीतरी लिहिलं.

‘चालवणाऱ्यावर असतं, सर,’ तो म्हणाला.

त्यानंतर मी मॅनेजरच्या काचेच्या केबिनमध्ये गेलो. माझा आवाज मोठा आहे. तो धंद्यामुळे झाला आहे, ट्रकचं इंजिन चालू असताना भाव ठरवावा लागतो. पण केबिनमध्ये ट्रक नव्हता, त्यामुळे जरा जास्तच मोठा वाटला असेल. मी टेबलावर हात आपटून सांगितलं की तुमच्याच माणसाने मला पंचवीस लिहून दिले आहेत.

मॅनेजर खुर्चीतून पुढे झुकला. ‘लिहून? कोणी? आमच्याकडे लिहून द्यायची परवानगीच नाही. दाखवा मला. ज्याने दिलं असेल तो उद्या इथे दिसणार नाही, मी शब्द देतो.’

त्या शोरूममध्ये शब्द सगळेच देत होते.

चिठ्ठी माझ्या शर्टाच्या खिशात होती. काचेपलीकडे तो सेल्समन एका लाल गाडीजवळ उभा राहून एका कुटुंबाला डिकी उघडून दाखवत होता. त्याचा एक हात डिकीच्या दारावर होता आणि तोंड आमच्याकडे होतं. ते कुटुंब डिकीत बघत होतं. तो माझ्या खिशाकडे बघत होता.

‘घरी आहे,’ मी मॅनेजरला म्हणालो.

असं का म्हणालो, ते तेव्हा मला असं समजावून सांगता आलं असतं, की हुकमाचं पान पहिल्याच हाताला कोणी टाकत नाही. मीही स्वतःला तेच समजावून सांगितलं.

मग मी ग्राहक आयोगात तक्रार दाखल केली. वकील केला नाही, दोघांशी बोललो पण फीवर जमलं नाही. तक्रार स्वतःच लिहिली. सगळं दिवसवार, तासवार लिहिलं, पायपुसण्यांसकट. त्यातल्या एका वकिलाने तपशील कमी करायला सांगितलं होतं, म्हणून मी आणखी दोन पानं वाढवली. चिठ्ठी मात्र जोडली नाही, ती सुनावणीच्या दिवशी हातात द्यायची ठरवली. द्वारका चौकात मी सगळ्यांना सांगून ठेवलं की ही केस मी जिंकल्यात जमा आहे. ट्रान्सपोर्टवाले, सुतळीवाला, समोरचा टायरवाला, सगळे तारीख विचारू लागले.

सुनावणीच्या आधीच्या आठवड्यात भर दुपारी तो सेल्समन गोदामात आला. टाय काढून खिशात कोंबलेला होता, त्याचं टोक बाहेर लोंबत होतं. त्याला खुर्ची दिली, पण तो गोण्यांच्या गठ्ठ्यावरच बसला.

‘शेठ, तारीख कधी हाय?’

‘बुधवारी.’

‘चिठ्ठी लावली का?’

‘नाही. त्या दिवशी आयोगाच्या मॅडमच्या हातात देणार.’

त्याने मान हलवली. शेजारच्या गठ्ठ्यातून एक जाळीची गोणी ओढून काढली, बोटांनी ताणून पाहिली. शेतकऱ्याच्या घरचा माणूस गोणी कशी पाहतो ते लगेच कळतं. आधी तो शिवण पाहतो.

‘ही कितीची?’

‘पन्नास किलोची.’

‘बसत्यात पन्नास?’

‘भरणाऱ्यावर आहे,’ मी म्हणालो.

हे उत्तर मी तीस वर्षं देत आलो आहे. रोज दहा वेळा तरी देतो. तोंडातून गेल्यावर मला ते पहिल्यांदा ऐकू आलं. तो हसला नाही. त्याने गोणीची घडी जशी होती तशी घातली आणि परत गठ्ठ्यावर ठेवली.

‘बरोबर हाय,’ तो म्हणाला. ‘गाडीचंबी तेच.’

‘गाडीचं वेगळं आहे.’

‘कसं काय?’

‘मी गोणीवर पन्नास छापत नाही.’

त्याच्या पाठीमागे जो गठ्ठा होता त्यावर हिरव्या शाईने ‘५०’ छापलेलं होतं. वीतभर मोठं. तारा नव्हता. त्याने मागे वळून पाहिलं नाही, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं.

मग तो म्हणाला, ‘चिठ्ठीचा भाव बोला.’

‘ती विकायला नाही.’

‘शेठ, तुमच्याकडं विकायला नाय असं काय हाय?’

‘तुम्ही ती लिहिलीत कशाला?’ माझा आवाज चढला. ‘मी काय बंदूक लावली होती?’

‘तुम्ही तिसऱ्या दिवशीबी उठंना. महिना संपत आला व्हता, मला एक गाडी कमी पडत व्हती. तुम्ही चौथ्या दिवशी आला असता का नसता?’

आलो असतो.

‘ती चिठ्ठी टेबलावर पडली का मी गेलो,’ तो म्हणाला. भाव सांगावा तशा आवाजात सांगत होता. ‘त्रेपन्नावं लागलं मला. या वयात टाय बांधून कोण उभं करणार? ट्रॅक्टरवाल्यांकडं गेलो तर तिथंबी आता कॉम्प्युटर येणारी पोरं हायेत. म्हणून म्हणतो, भाव बोला. पैसे मागाल तर माझ्याकडं नायत. दुसरं काय ते बोला.’

माझा राग कंपनीवर होता. त्याच्यावरही होता. पण माझ्यासमोर बसून इतक्या सरळपणे सौदा मांडणारा माणूस मला बऱ्याच दिवसांनी भेटत होता. मी म्हणालो, ‘तुम्ही लिहून दिलंय ना पंचवीस? काढून दाखवा. तुम्ही चालवा, मी शेजारी बसतो. पंचवीस निघाले तर चिठ्ठी तुमची. नाही निघाले तर बुधवारी ती टेबलावर.’

‘चालंल.’

मग अटींवर तासभर गेला. मला मालेगावचा हायवे हवा होता, त्याला शहरातले सिग्नल हवे होते, कारण सिग्नलला म्हणे ही गाडी बॅटरीवर सरकते. शेवटी त्र्यंबकेश्वर ठरलं. जाताना चढ आहे, म्हणून मी मान्य केलं. येताना उतार आहे, म्हणून त्याने. एसी चालू ठेवायचा, ही माझी अट. वेग त्याच्या मनाचा, ही त्याची. गाडीत एक स्क्रीन आहे, त्यावर गाडी स्वतःच आपलं ॲव्हरेज सांगत असते. मी म्हणालो, स्क्रीन कंपनीचा आहे, त्याची साक्ष चालणार नाही. त्यावर रुमाल टाकायचा. हिशेब टाकी ते टाकी. आधी फुल्ल करायची, आल्यावर परत फुल्ल करायची आणि दुसऱ्यांदा जेवढं पेट्रोल बसेल तेवढं प्यायली असं धरायचं.

‘रुमालाखालचा सौदा,’ तो म्हणाला. ‘बैलबाजारासारखा.’

आम्ही हातावर हात मारला.

मंगळवारी सकाळी तो गोदामावर आला तेव्हा गाडीत मागच्या सीटवर माझी बायको बसलेली होती. ‘नाहीतरी त्र्यंबकला जाताच आहात,’ ती मला आदल्या दिवशी म्हणाली होती, ‘माझं दर्शन तरी होईल. तुमच्या पंचविसात मी काही खात नाही.’ सेल्समनने तिचं वजन हिशेबात धरायला हवं असं काही म्हटलं नाही. मी त्याच्या जागी असतो तर म्हटलं असतं.

आधी पंपावर गेलो. पंधरा वर्षं मी त्याच पंपावर टाकी भरतो. तिथे नोझलवर एक बाई आहेत, त्यांना माझी पद्धत माहीत आहे. टाकी भरत आली की नोझल आपोआप ‘कट’ होतं. लोक तिथे थांबतात. मी थांबत नाही. कट झालं की मी गाडीला दोन्ही हात लावून ती हलवतो. आतली हवा बाहेर येते, पेट्रोल खाली बसतं आणि आणखी अर्धा लिटर तरी जातं. गोणीचंही तसंच आहे. गोणी भरली की उचलून जमिनीवर आपटायची, कांदे खाली बसतात, वर आणखी जागा होते. आपटल्याशिवाय गोणी भरत नाही आणि हलवल्याशिवाय टाकी. पंपावर पाटी आहे की कट झाल्यावर पेट्रोल भरू नये. पाटी बऱ्याच वर्षांपासून आहे.

मी एका बाजूने हलवली. सेल्समन टाय खांद्यावर टाकून दुसऱ्या बाजूने हलवू लागला. आतून बायको म्हणाली, ‘अहो, मी उतरू का?’ पण तोवर पेट्रोल काठाला आलं होतं. मी किलोमीटरचा आकडा शून्यावर आणला, स्क्रीनवर रुमाल टाकला आणि आम्ही निघालो.

त्याने पंचेचाळीसच्या वर काटा नेला नाही. सातपूर सुटलं, रस्ता मोकळा झाला, तरी पंचेचाळीस. यात्रेकरूंच्या बसगाड्या आम्हाला ओलांडून गेल्या. टेंपो गेले. एक दूधवाला दोन्ही बाजूंना कॅन लावून मोटारसायकलवर पुढे गेला आणि जाताना वळून त्याने माझ्याकडे पाहिलं. माझा उजवा पाय सारखा समोरच्या पायपुसण्यावर दाबला जात होता.

‘शेठ, तिकडं एक्सलेटर नाय,’ सेल्समन म्हणाला.

‘मला माहीत आहे.’

मागून बायको म्हणाली, ‘किती छान चालवतात हे. या रस्त्याला एवढी झाडं आहेत हे मला आज कळलं.’

अंजनेरीजवळ मला राहवलं नाही. मी म्हणालो, ‘भाऊ, चालत गेलो असतो तर आत्तापर्यंत पोचलो असतो.’

‘आन पेट्रोलबी लागलं नसतं,’ तो म्हणाला.

त्याचं गाडी चालवणं मात्र पाहण्यासारखं होतं, हे कबूल करतो. पुढे बैलगाडी दिसली की तो शंभर पावलं आधीच पाय उचलायचा. ब्रेक जवळजवळ लावायचाच नाही. इंजिन बंद व्हायचं आणि गाडी आवाज न करता सरकत राहायची. माझ्या हातात ती गाडी असा आवाज न करता कधी चाललेली नव्हती. मला तर वाटलं होतं ती बिघडली.

त्र्यंबकला बायको दर्शनाच्या रांगेत गेली. आम्ही दोघे पार्किंगजवळ चहा पीत उभे राहिलो.

‘तुम्ही नाही जात आत?’ मी विचारलं.

‘आत्ता गेलो तर देवाला वाटंल, ॲव्हरेज मागायला आला.’ त्याने चहा फुंकला. ‘वीस वर्षं ट्रॅक्टर विकले, शेठ. कुणाला कधी काय लिहून दिलं नाय.’

‘चांगलं केलं.’

‘कुणी मागितलंच नाय.’

मी चहाचे पैसे दिले. अटींमध्ये ते ठरलेलं नव्हतं.

परत येताना त्याच्या मानेवर घाम होता. एसी चालू होता. एका उतारावर त्याने हळूच रुमालाकडे पाहिलं, पण हात लावला नाही. मीही लावला नाही. दोघांनाही त्या रुमालाखाली काय आहे ते पाहायचं होतं आणि दोघांनाही दुसऱ्याने आधी पाहायला नको होतं.

पंपावर पोचलो तेव्हा किलोमीटर झाले होते एकसष्ट. त्याच बाई नोझलवर होत्या. आम्ही दोघे खाली उतरलो. पेट्रोल जाऊ लागलं आणि थोड्याच वेळात कट झालं. पंपाचा आकडा थांबला दोन पॉइंट अडतीस लिटरवर.

मला कागद लागत नाही. पंचवीस आणि वर अर्धा-पाऊण.

बाईंनी नोझल आतच ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं. ‘शेठ, आज हलवायची नाही?’

आता इथे जे झालं ते नीट सांगायला हवं. सकाळी टाकी हलवून भरली होती, काठापर्यंत. म्हणजे आताही ती हलवून काठापर्यंतच भरायला हवी, तरच हिशेब खरा. नुसत्या कटवर थांबलं तर अर्धा लिटर न भरलेला राहतो आणि तो अर्धा लिटर गाडी प्यायलीच नाही असा हिशेबात धरला जातो. अंतर लांबचं असतं तर अर्ध्या लिटरने फार फरक पडला नसता. एकसष्ट किलोमीटरला पडतो. अर्धा लिटर धरला तर ॲव्हरेज येतं एकवीस. एसी, चढ, बायको सगळं धरून, आणि इतक्या हलक्या पायाने चालवून, गाडी एकवीसच गेली होती. म्हणजे मी खरा होतो. पाय जड नव्हता, आकडा खोटा होता. त्याचा पुरावा दोन हातांच्या अंतरावर उभा होता, फक्त हलवायचा बाकी होता.

सेल्समनने पलीकडच्या बाजूने दोन्ही तळहात दारावर ठेवले होते. टाय पुन्हा खांद्यावर टाकला होता. त्यालाही हिशेब येत होता.

‘सकाळी हलवली व्हती,’ तो म्हणाला. माझ्याकडे न बघता म्हणाला. ‘आताबी हलवाया पायजे.’

बाई थांबल्या होत्या. मागे रिक्षावाला हॉर्न वाजवत होता.

‘कट झालं की बंद करायचं!’ मी बाईंवर ओरडलो. ‘एवढी मोठी पाटी लावलीय, वाचता येत नाही?’

बाईंनी पाटीकडे पाहिलं. पंधरा वर्षांत बहुधा पहिल्यांदाच. मग नोझल काढलं आणि झाकण लावलं.

गाडी बाजूला घेतल्यावर मी खिशातून चिठ्ठी काढून त्याला दिली. त्याने ती उघडली, वाचली, परत घडी घातली. त्याने ती फाडली नाही, वरच्या खिशात ठेवली.

‘शेठ, एकवीस निघाले असते.’

‘किती निघाले ते बोला.’

‘पंचवीसच्या वर.’

‘मग झालं.’

त्याने खांद्यावरचा टाय खाली ओढला. ‘उद्या केस मागं घेणार का?’

‘नाही.’

‘चिठ्ठीबगर हरशाल.’

‘ते मी बघेन. तुम्ही तुमचा टाय बघा, वंगण लागलंय.’

त्याला तिथेच सोडून मी गाडी घराकडे वळवली. नेहमीसारखी चालवली. बायको मागेच बसली होती. पुढे ये म्हणालो तर म्हणाली, इथेच बरं आहे. थोड्या वेळाने ती म्हणाली, ‘सकाळी तर केवढी हलवली गाडी, माझ्या बांगड्या वाढायच्या बाकी होत्या. आता का नाही हलवली?’

‘कंटाळा आला.’

‘बरं,’ ती म्हणाली.

बुधवारी आयोगात कंपनीचा वकील आला होता. त्याच्याकडे जाहिरातीची मोठी प्रत होती आणि त्यात ताऱ्याखालचं वाक्य पिवळ्या रंगाने रंगवलेलं होतं. पिवळं केल्यावर ते चांगलं दिसत होतं. मी म्हणालो, ‘मॅडम, पेपरात हे असं पिवळं करून छापलं असतं तर मी आलोच नसतो.’ अध्यक्ष असलेल्या मॅडमनी ते लिहून घेतलं. मला वाटतं तेवढा एक मुद्दा मी जिंकला.

शोरूमचा मॅनेजरही आला होता. फायली उचलायला त्याने सेल्समनला सोबत आणलं होतं. तो मागे भिंतीला टेकून उभा होता. टाय नवा होता.

मॅडमनी माझी तक्रार उघडली. ‘जाहिरातीशिवाय तुम्हाला कोणी वेगळी खात्री दिली होती का?’

‘दिली होती.’

‘लेखी?’

‘आत्ता माझ्याकडे कागद नाही.’

‘कोणी दिली होती?’

मॅनेजरने मान वळवून मागे पाहिलं. मी मागे पाहिलं नाही.

‘आठवत नाही, मॅडम.’

त्यांनी चष्मा काढला. ‘तुम्ही तीन दिवसांची बोलणी तासवार लिहिली आहेत. चहा कितीदा आला तेही लिहिलंय. पायपुसण्यांवर अर्धं पान आहे. आणि माणूस आठवत नाही?’

‘नाही, मॅडम.’

मला पहिल्या सायकलची किंमत आठवते. ज्याने मला ओल्या गोण्या कोरड्या म्हणून विकल्या त्याच्या शर्टाचा रंगही आठवतो. मॅडमनी चष्मा परत लावला. मग त्यांनी पुढचं पान उलटलं.

काही आठवड्यांनी निकाल आला. तक्रार फेटाळली. पुराव्याअभावी, असं लिहिलं होतं. द्वारकेला मी सांगितलं की कायद्यालाही तारे असतात. टायरवाला म्हणाला, ‘शेठ, तुम्ही तर चिठ्ठी असल्याचं म्हणत होता.’ मी त्याला त्याच्या टायरांचं काय ते बघायला सांगितलं. गेली कित्येक वर्षं इथे माझं नाव होतं की याला कोणी फसवू शकत नाही. आता ते तेवढं राहिलेलं नाही. गोण्यांचा भाव करताना माणसं माझ्याशी पूर्वीपेक्षा जास्त घासाघीस करतात, हे मला जाणवतं. कंपनीवरचा माझा राग तसाच आहे. तो कोणाला देऊन टाकायचा माझा विचार नाही.

मागच्या उन्हाळ्यात कांदा निघाला तेव्हा तो सेल्समन गोदामात आला. सायखेड्याला त्याच्या भावाचा कांदा होता, त्यासाठी गोण्या हव्या होत्या. शोरूममधूनच आला होता, टाय बांधलेला होता. गोणी ओढून काढली, शिवण पाहिली.

‘कितीची?’

‘आपटून भरली तर पन्नासची,’ मी म्हणालो. ‘नाही आपटली तर सत्तेचाळीसची.’

‘भाव कितीचा लावणार?’

‘पन्नासचा.’

तो गठ्ठ्यावर बसला. मी चहा सांगितला. दुसरा चहा झाला तरी भावाचं जमेना. शेवटी तो म्हणाला, ‘बरं, तुमचाच भाव. पण आपटून पन्नास बसतील, हे लिहून देता?’

‘नाही,’ मी म्हणालो.